सगळ्या विषयांची सखू

“सर, माझ्या भाषणाचा विषय काय होता, सांगता का?”

परीक्षकांना हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या काखेत पहिल्या क्रमांकाची ढाल होती, हातात आयोजकांनी दिलेला वडापाव होता, आणि मागं खांबाआड माझ्या वर्गातल्या रुबिना बागवान आणि गौतमी तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. “हिंमत असंल तर जाऊन विचार,” रुबिना म्हणाली होती. “नाही विचारलंस तर उद्यापासून माझ्या डब्याला हात लावायचा नाही.” तिच्या डब्यात तिच्या अम्मीच्या हातचे पराठे असायचे. म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती.

सर थबकले. खांद्यावरून घसरणारी सत्काराची शाल त्यांनी सावरली. “विषय ना? विषय म्हणजे बघ...” त्यांनी स्टेजकडं नजर टाकली, पण मांडववाल्यांनी तिथला फलक उतरवून गुंडाळायला घेतला होता.

“काय गं, स्वतःचा विषय मला विचारतेस?” ते हसले. “विषय कुठलाही असू दे, बाळ. ती सखूची गोष्ट! काय सांगितलीस! जन्मभर शाळेत भाषणं ऐकली मी, पण तुझ्या डोळ्यातलं ते पाणी खरं होतं. असं शिकवून येत नसतं.”

मी “थँक्यू सर” म्हणाले आणि वाकून नमस्कार केला.

शिकवूनच आलं होतं ते.

ही मी आठवीत असतानाची गोष्ट. आता मी दहावीत आहे, माझा आवाज खणखणीत आहे, आणि मला जे विचारायचं ते मी कुणालाही विचारते, पैजबिज लावावी लागत नाही. पण तेव्हा मी ‘बार्शीची मैथिली शेटे’ होते. सोलापूर, धाराशिव, लातूर, जिथं जिथं वक्तृत्व स्पर्धा असेल तिथं रविवारी सकाळी आमची गाडी हजर. मागच्या सीटवर मी, माझा इस्त्रीचा ड्रेस हँगरला, आणि गरम पाण्याचा थर्मास. आई पुढं बसून भाषण म्हणायची, मी मागून तिच्यामागं म्हणायची, आणि पप्पा गाडी चालवता चालवता ओठ हलवायचे, कारण त्यांचीही सगळी भाषणं पाठ झाली होती.

भाषणं आई लिहायची. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका. शाळा, स्वयंपाक आणि माझे क्लास यांतून दर आठवड्याला नवं भाषण लिहायला तिला वेळ कुठून मिळणार? म्हणून तिनं एक युक्ती केली होती. भाषणाचे तुकडे. सुरुवातीचा नमस्काराचा तुकडा ठरलेला. मग विषयाची चार वाक्यं. मग सखू. मग विषयाचा समारोप, आणि शेवटी मूठ आवळून जय हिंद, जय महाराष्ट्र.

सखू सगळीकडं चालायची. विषय मुलींचं शिक्षण असला की सखूचं लवकर लग्न व्हायचं. व्यसनमुक्ती असली की सखूचा बाप दारूनं जायचा. पाणी असलं की सखू हंडा घेऊन विहिरीवर जायची, पाय घसरायचा आणि वर नुसता हंडा तरंगायचा. मातृभाषा असली की सखूला इंग्रजी शाळेत घालायचे, ती नापास व्हायची आणि दप्तर पायरीवर ठेवून कुठंतरी निघून जायची. पहिली ओळ सगळ्या गोष्टींची एकच होती: “माझ्या गावात एक सखू होती...” या ओळीला मी उजवा हात हळूहळू वर न्यायचा आणि हवेतच कुणाच्यातरी खांद्यावर ठेवल्यासारखा ठेवायचा. त्याच्या आधी थोडा वेळ पापणी न हलवता ट्यूबलाइटकडं बघायचं. मग “सखू” म्हणताना मान खाली. डाव्या डोळ्यातून एक थेंब बरोबर गालावर. डावाच, कारण परीक्षक बहुतेक त्या बाजूला बसतात.

तर त्या दिवशीचा विषय मातृभाषेतून शिक्षण. मी सखूला इंग्रजी शाळेत घातलं, नापास केलं, दप्तर पायरीवर ठेवायला लावलं आणि घराबाहेर काढलं. आणि तिथून तिला थेट विहिरीवर नेलं. कसं ते विचारू नका, तोंडाला वळण होतं ते. हंडा तरंगला. थेंब गालावर आला. मग मी “पाण्याचा थेंब अन् थेंब जपू या” असं म्हणून मूठ आवळली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आईचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिच्याशिवाय ते फक्त रुबिना आणि गौतमीला कळलं. म्हणून ती पैज.

“काय म्हणाले गं?” मी खांबामागं आल्यावर गौतमीनं विचारलं.

“म्हणाले, पाणी खरं होतं.”

गौतमी हसून हसून खाली बसली. रुबिना हसली नाही. तिनं माझ्याकडं जरा बघितलं, माझ्या हातातला वडापाव अर्धा मोडून घेतला आणि म्हणाली, “चल, तुझी आई शोधतीय.”

गाडीत आईनं माझी ढाल मांडीवर घेतली. मग म्हणाली, “नंबर आला ना? मग झालं. पुढच्या वेळी मातृभाषेच्या सखूला विहिरीच्या बाजूला जाऊच द्यायचं नाही. दप्तर पायरीवर ठेवलं की श्वास घे.”

“कसं वाटतंय मग चॅम्पियनला?” पप्पांनी आरशातून विचारलं.

“मस्त,” मी म्हणाले.

दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो माहितीये? चिमटा काढला तर गाल आपलाच आहे एवढं समजतं, पण दुखत नाही, आणि पाणी प्यायलं तर कडेनं सांडतं. मी अंगभर तशी होते. ढाल मिळाली तरी तेच, वाढदिवस असला तरी तेच. आणि मला वाटायचं सगळ्यांचं असंच असणार. लोक “मस्त” म्हणतात तेव्हा ते असंच म्हणत असणार. विचार करायला फुरसतही नव्हती म्हणा. सोमवार ते शनिवार अबॅकस, कीबोर्ड, स्कॉलरशिप, कराटे, हिंदीच्या परीक्षा, सुंदर हस्ताक्षर. फ्रीजवर आईनं रंगीत वेळापत्रक लावलं होतं, इतकं भरलेलं की दूध काढायला गेलं तरी धाप लागायची.

पुढच्याच आठवड्यात माझा आवाज गेला. हाक मारायला तोंड उघडलं तर पत्र्यावर विळा घासल्यासारखं काहीतरी आलं. आईनं हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, काढा दिला. पप्पांचं मेडिकलचं दुकान, त्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या दिल्या. शेवटी सोलापूरला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी घशात आरसा घातला, लाइट टाकला आणि आईकडं वळल्या.

“ही पोरगी भाजी विकते का?”

“नाही हो मॅडम, वक्तृत्व करते. राज्यस्तरापर्यंत पोचलीय,” आई म्हणाली.

“स्वरयंत्रावर गाठी आल्यात. ओरडून ओरडून. आता बोलणं बंद. कुजबुजणंसुद्धा बंद, त्यानं जास्त ताण येतो. आणि शाळा सोडून बाकीचं सगळं बंद. दमलंय हे लेकरू.”

“पण मॅडम, मार्चअखेर पुण्याला फायनल आहे!”

“मग गळा पाठवा पुण्याला,” बाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, “पोरगी घरी ठेवा.”

परत येताना गाडीत कुणीच भाषण म्हटलं नाही. बार्शीच्या अलीकडं पप्पांनी रेडिओ लावला. तो त्या गाडीत लागतो हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर आईनं फ्रीजवरचा कागद काढला. फाडला नाही, घडी घालून कपाटात ठेवला. फ्रीज एकदम मोठा आणि पांढरा दिसायला लागला.

पहिले काही दिवस भयंकर गेले. शाळेतून आल्यावर समोर अख्खी संध्याकाळ असायची आणि तिचं करायचं काय हे कुणी सांगायचं नाही. मी खिडकीत बसायची. रस्त्यावरून माणसं जायची. मला कंटाळा आला, आणि कंटाळा म्हणजे काय असतं हेही मी पहिल्यांदाच बघत होते. तो वाईट नव्हता. जड होता नुसता, ओल्या गादीसारखा.

मग रविवार आला. उन्हं पार भिंतीवर चढली तरी आई झोपलेली. मी घाबरून पप्पांना हलवलं, तोंडानं विचारता येईना म्हणून आईकडं बोट दाखवलं. पप्पा हळूच म्हणाले, “झोपू दे. बऱ्याच वर्षांनी झोपलीय.” त्यांनी चहा केला. साखर विसरले. आई उठली, एक घोट घेतला आणि म्हणाली, “अहो, हा चहा आहे की काढा? माझाही आवाज गेलाय का?” आणि ती हसायला लागली. पप्पाही. दोघं ओट्याला टेकून इतकं हसत होते की मी दारातच उभी राहिले. हे दोघं असे हसतात हे मला माहीत नव्हतं. मला काही वाटलं का? नाही. फक्त मी तिथून हलले नाही.

दुपारी काही करायला नाही म्हणून मी रुबिनाकडं जायला लागले. आमच्या दोन गल्ल्या पलीकडं तिचं घर. मार्च म्हणजे चिंचेचा सीझन. बार्शीत व्यापारी घरोघर चिंचेची पोती देतात आणि बायका ती फोडून परत देतात. रुबिनाच्या अंगणात तर ढीगच असायचा. एकीनं टरफलं काढायची, एकीनं शिरा ओढायच्या, आणि एकीनं चिंच दगडावर धरून छोट्या हातोडीनं टोकायची, की चिंचोका बाहेर उडतो. सगळं अंगण आंबट-गोड वासानं भरलेलं. आधी मी रुबिनाच्या घरी यायची ती दारातूनच, आईची स्कूटी चालू ठेवून. आत कधी बसलेच नव्हते.

“आली का मौनीबाबा?” अम्मी म्हणाली आणि तिनं माझ्यापुढं दगड सरकवला. “बस बेटा. हात तर चालतात ना?”

“अम्मी, तिला हातोडी देऊ नकोस,” रुबिना ओरडली. “ती टोकता टोकता भाषण करंल. माझ्या गावात एक चिंच होती!”

मला उत्तर देता येत नव्हतं. मी तिला टरफल फेकून मारलं.

चिंच फोडणं सोपं वाटतं. जोरात मारलं तर चिंचोका फुटून गरात घुसतो आणि ती चिंच बाजूला काढावी लागते. हळू मारलं तर काहीच होत नाही. मी सवयीनं भराभर सुरू केलं, मला पहिला नंबर काढायचा होता ना! रुबिनानं माझ्यापुढचा चेंदा उचलून अम्मीला दाखवला. “बघ, चॅम्पियननं चटणी वाटली.” अम्मी म्हणाली, “हळू बेटा. कुठं जायचंय तुला?”

कुठंच जायचं नव्हतं. हे खरंच होतं. मी हळू मारायला लागले. ठक. थांब. उलटी कर. ठक. एक तुकडा मी तोंडात टाकला आणि कानामागून जबड्यापर्यंत अशी कळ गेली की माझे डोळे मिटले, खांदे वर गेले, दात आंबले. किती दिवसांनी माझ्या अंगात काहीतरी लागलं होतं. मी आणखी एक तुकडा खाल्ला. रुबिना म्हणाली, “पोट बिघडलं तर आमच्यावर नाव नाही.”

रोज जायला लागले. आणि मी बोलत नसल्यामुळं रुबिना बोलायची. आधी आम्ही दोघी असलो की मीच बोलायची, स्पर्धेबद्दल, परीक्षकांबद्दल, कुणाचा नंबर कसा ढापला त्याबद्दल. आता मला कळलं की रुबिनाला गणिताची भीती वाटते. की तिला पोहायला शिकायचंय. की गौतमी शाळेतल्या एका बाईंची नक्कल करून सगळ्यांना हसवते, ती खरं तर रुबिनानं शिकवलेली. इतकी वर्षं एका बाकावर बसून मला यातलं काही माहीत नव्हतं.

एका दुपारी अम्मी आत नमाजाला गेली होती. आम्ही दोघीच. रुबिना शिरा ओढत होती, तोंड न वर करता.

“एक सांगू?” ती म्हणाली. “तुला बोलता येत नाही ना, म्हणूनच सांगते. नाहीतर तू मला सांगूच द्यायची नाहीस.”

मी मान हलवली.

“नन्नी गेली तेव्हा तू आलतीस. आठवतं?”

आठवत होतं. नन्नी म्हणजे अम्मीची आई, इथंच राहायची. डिसेंबरात गेली. मी लातूरच्या स्पर्धेहून आले, तसं आईनं मला तिथं सोडलं. छातीवर बिल्ला तसाच होता. बाहेर स्कूटी चालू होती, कारण पुढं कीबोर्डचा जादा क्लास होता.

“तू आत आलीस,” रुबिना म्हणाली, “वर लाइटकडं बघितलंस. मग माझ्या खांद्यावर हात ठेवलास. सरळ नाही ठेवलास गं. असा... असा हळूहळू वर नेऊन ठेवलास.” तिनं शिरेनं चिकट झालेला हात वर नेऊन दाखवला. “आणि मग मान खाली घातलीस. आणि या डोळ्यातनं एकच थेंब. सगळ्या बायका म्हणाल्या, बघा, किती माया पोरीला. मी तर तुला इतक्या वेळा स्टेजवर बघितलंय. मला वाटलं, नन्नीची हिनं सखू केली.”

माझी हातोडी वरच राहिली.

“मी चिडले नव्हते. चिडायला पण काय नव्हतं, तू मुद्दाम नव्हतंच केलं, ते कळत होतं मला. त्याचीच भीती वाटली. म्हणून त्या दिवशी तुला त्या सरांकडं पाठवलं. म्हटलं, एवढा मोठा माणूस, त्याला तरी कळलं असंल की ही आतमध्ये नाहीये. तर ते म्हणाले, पाणी खरं होतं.”

माझ्या तोंडात वाक्यं आली. खोटं कशाला सांगू, भराभर आली, तयार: रुबिना, तुझ्या दुःखात मी सहभागी... तोंडापर्यंत येऊन थांबली. आवाज नव्हता. आणि आवाज नसताना ती वाक्यं कशी दिसतात हे मला दिसलं. जत्रा उठल्यावरच्या मोकळ्या मांडवासारखी.

मग करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी अंगणात बघितलं. भिंतीकडेला, सावली असते तिथं, नन्नीचा पाट असायचा. ती तिथं बसून चिंचेच्या गोळ्यात मीठ-जिरं कुटायची, काडीला लावायची, आणि मी दारात आले की माझ्या हातात द्यायची. “मैथली,” म्हणायची. मैथिली कधी म्हणता आलं नाही तिला. मी काडी तोंडात धरून स्कूटीवर बसायची. आता तिथं पोती रचली होती. पाट नव्हता. मी रोज त्या पोत्यांसमोर बसत होते आणि ते मला दिसलं नव्हतं.

डिसेंबरात गेलेली नन्नी माझ्यासाठी मार्चमध्ये गेली.

मला रडू आलं. काय सांगू, इतकं गचाळ रडू होतं ते! आवाज नसल्यामुळं नुसती पोटातून उचकी यायची, नाक वाहायला लागलं, तोंड वाकडं झालं, आणि चिंचेचा हात डोळ्याला लावला तर डोळे असे चुरचुरले की मी उठून अंगणात गोल गोल फिरायला लागले. कुठल्याही परीक्षकानं शून्य मार्क दिले असते.

“अगं ये! डोळ्याला हात लावू नको!” रुबिना धावली. तिनं माझं डोकं नळाखाली धरलं. मग ओढणी फेकली माझ्याकडं. “पूस. शेंबूड चिंचेत पडला तर व्यापारी पोतं परत करंल.” आणि मग ती पण रडायला लागली, आणि हसायला पण, आणि आतून अम्मी ओरडली, “काय झालं गं पोरींनो?”

“काय नाही अम्मी,” रुबिना म्हणाली. “मैथिली आत्ता आलीय.”

मला वाटलं होतं त्यानंतर सगळं भरून येईल, रोज काहीतरी वाटेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बरीचशी बधिरच होते. पण मधूनच, दाताच्या इंजेक्शनचा असर उतरताना कडेकडेनं मुंग्या येतात ना, तशा यायच्या. कुणाच्या घरी भाकरी थापल्याचा आवाज आला तरी. पप्पा दुकान बंद करून येताना गल्लीच्या तोंडाशी शीळ घालतात, ती ऐकू आली तरी. सगळ्या आधीपासूनच होत्या या गोष्टी. मी मोठ्यानं बोलत होते म्हणून ऐकू येत नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आरसा घातला आणि “बऱ्यापैकी बसल्यात गाठी, हळूहळू बोलू दे” असं म्हणाल्या, त्यातलं आईला फक्त “बोलू दे” ऐकू आलं. त्याच संध्याकाळी तिनं मला हॉलमध्ये उभं केलं. टीपॉय बाजूला सरकवला. पप्पा कोपऱ्यात पेपर घेऊन. फायनलचा विषय पाणी होता.

“काही नवीन करायचं नाही,” आई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “सगळं तुझं पाठ आहे. आवाज बेतानं लाव. चल.”

मी सुरुवात केली. नमस्कार झाला. चार वाक्यं झाली. आवाज जरा घोगरा होता, पण येत होता. “माझ्या गावात एक सखू होती.” हात वर गेला. सखूनं हंडा घेतला. विहिरीपाशी गेली. आणि मला ती दिसली. कधीच दिसली नव्हती, आता दिसली: काटकुळी, कोपराला खरूज, हंडा तिच्यापेक्षा मोठा. मी थांबले.

“विसरलीस?” आईनं विचारलं. “पाय घसरला...”

“विसरले नाही.”

“मग?”

“आई, ती पडली ते तिच्या आईला कुणी जाऊन सांगितलं?”

“कुणाच्या आईला?”

“सखूच्या.”

आई हसली, पण अर्धंच. “अगं, सखू कुठं खरी आहे? मी केलीय ना ती. नाष्ट्याचे पोहे परतता परतता लिहिलीय.”

“माहितीये. पण मला तिला आत ढकलता येईना झालंय.”

पप्पांनी पेपर खाली केला. आई टीपॉयच्या कडेवर बसली. ती तिच्या बांगड्या खालीवर करायला लागली.

“दुसरी गोष्ट टाकू,” ती शेवटी म्हणाली. “आजोबांची टाकू. दुष्काळात गाव सोडतात ते. ते मरत नाहीत. नुसते जातात.”

“आई.”

“मैथिली, फायनल आहे बाळा. पुण्याला.” तिचा आवाज चिरकला. “तुला माहितीये, तू फायनलला पोचलीस तेव्हा केंद्रप्रमुखांनी माझं नाव घेऊन मला पुढं बोलावलं. नारळ दिला. मला आयुष्यात कधी कुणी पुढं बोलावलं नव्हतं गं. मी शाळेत असताना बोलायला उभी राहायची तर पाय लटपटायचे माझे. मला वाटलं होतं, तू...”

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हाताचा मला भरवसा नव्हता, म्हणून नुसती टेकून बसले. ती गरम होती. तिच्या साडीला खडूचा वास येत होता. तिचं दुःख मला थोडंसं लागलं, सगळं नाही, पण लागलं. आणि तेवढ्यात मला कळलं की हे असं लागणं मला पुन्हा घालवायचं नाहीये, आईसाठीसुद्धा नाही.

“एवढी एक स्पर्धा कर,” पप्पा हळूच म्हणाले. “मग बघू. आईची हौस...”

“नाही पप्पा.”

माझ्या घोगऱ्या आवाजात ते इतकं ठाम आलं की मीच दचकले. पप्पांकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि मूठबीठ न आवळता, अगदी बसल्या जागेवरून सांगून टाकलं:

“मी पुण्याला जाणार नाही. आणि कपाटातला तो वेळापत्रकाचा कागद परत लावायचा नाही. जूनपासून मी शाळेबरोबर फक्त एकच गोष्ट करणार आहे. कुठली, ते अजून मला माहीत नाही. ते शोधायला मला वेळ लागणार आहे, बहुतेक खूप लागणार आहे, आणि आई, तो मी घेणार आहे.”